पाहुण्याचा हात

मंडईच्या दिवशी दादाजी दडमल पडले, तेव्हा लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या. खेळातलाच एखादा डाव असेल असं त्यांना वाटलं.

दिवाळी सरली की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, दुपारभर दंडार, म्हणजे इकडचं नाच-गाण्याचं लोकनाट्य, चालते. नागभीडजवळच्या मोहटोल्यात दंडारीच्या आधी दादाजींच्या आखाड्याची लाठी, हा रिवाज चाळीस वर्षांचा. अकरा हातांचा फेर. एक हात म्हणजे लाठीची एक चाल. अकरा चाली एकापाठोपाठ एक गुंफलेल्या. नवव्या हाताला दादाजी उडी घेत, हवेत गिरकी मारत, आणि मांडवात बसलेल्या मुख्य पाहुण्याकडे तोंड करून उतरत, लाठी खाली झुकवून. चौसष्टाव्या वर्षीही. त्या उडीसाठी माणसं तळोधीकडून, सिंदेवाहीकडून येत.

त्या दिवशी उडी बसली, पण उतरताना उजवा गुडघा भलतीकडेच वळला. टाळ्या थांबल्या आणि आशाबाई, त्यांची बायको, बायांच्या घोळक्यातून धावत आली, तेव्हा कुठं लोकांना कळलं.

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टा बांधला. "चाला, फिरा, शेतात जा. पण उडी बंद, बाबा. कायमची."

घरी आल्यावर दादाजींनी लाठी कोपऱ्यात उभी केली आणि दोन महिने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. धान चुरून-मळून घरात आलं, शेताच्या बांधीत लाखोळीचं पीक फुललं, तरी माणूस खाटेवर. आशाबाईनं बोलून पाहिलं, न बोलून पाहिलं. शेवटी संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी दादाजी आपणहून उठले, लाठी घेतली आणि अंगणात फेर धरला. वेग नव्हता. गुडघा जेवढं म्हणेल तेवढंच, एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दुसरं टाकायचं.

आशाबाई ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आयका, एक इचारू का? हे तुमी कोनासंगं बोलून राह्यले?"

"म्हंजे?"

"नाई, फोनवर बोलनाऱ्या मानसावानी दिसून राह्यलं. इकडचं आयकू येते, तिकडचं काईच नाई. मंधात मंधात तुमी थांबता, कोनी बोलून राह्यलं असल्यावानी."

दादाजी हसले. पण लाठी हातात तशीच राहिली. त्यांनी चौथा हात पुन्हा केला. चौथ्याला 'रोवण्याचा हात' म्हणत, कारण त्यात धान रोवणाऱ्या बाईसारखं कमरेत पार खाली वाकायचं आणि लाठी जमिनीलगत फिरवायची. भरधाव फेरात ते रोवण्याचं सोंगच वाटे. पण आता हळू करताना त्यांना वाटलं, आपण वाकलो ते कशाखालून तरी वाकलो. डोक्यावरून काहीतरी गेलं. काय गेलं?

एवढी वर्षं हा प्रश्न आपल्याला पडलाच कसा नाही, याची त्यांना लाज वाटली. आणि मग बापूजी वस्ताद आठवले.

बापूजी वस्ताद जातीचे ढिवर. दिवसा तलावावर मासोळी, संध्याकाळी आखाडा. आखाडा म्हणजे काय, तलावाच्या पाळीखाली मोहाच्या झाडाजवळ साफ केलेली चार हात जागा. दादाजी अकरा वर्षांचे होते तेव्हा तिथं गेले. वस्ताद बोलायचे कमी. पाय चुकला की लाठीच्या टोकानं पोटरीला हलकेच टोचायचे, बस. कोणी "असं काऊन?" म्हणून विचारलंच, तर एकच उत्तर, "आधी पाय बसू दे. बाकीचं मांगून." संध्याकाळच्या त्या उजेडात पाळीवरून गुरं परतायची, त्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा वाजायच्या, आणि तलावावरून येणारा गार वारा घामेजल्या पाठीला लागायचा. तसा वारा पुढे कधी लागला नाही, असं दादाजी अजूनही म्हणतात. फेर संपला की वस्तादांची लेक बायनाबाई गडवाभर आंबील आणून ठेवायची. ती दादाजींपेक्षा सहा वर्षांनी मोठी. पोरं ओंजळीनं प्यायची, ती हसायची आणि निघून जायची.

मोहाखालच्या दगडावर मंगरूकाका बसलेले असत. वस्तादांचे चुलतभाऊ, त्यांच्याच घरी राहायचे. उजवा हात कोपरापासून वाकडा, वाळलेल्या फांदीसारखा. डाव्या हातानं जेवायचे. मंगरूकाका येऊन दगडावर टेकल्याशिवाय वस्ताद फेर सुरू करत नसत. आणि नववा हात आला की लाठी खाली झुकवून वस्ताद थांबायचे, चांगले तीन श्वास, आणि दगडाकडे पाहायचे. पोरांना वाटे, दिवस किती राहिला ते पाहतात. सूर्य त्याच बाजूला मावळायचा.

या नवव्याचं नाव 'पाहुण्याचा हात'. एक पाऊल डावीकडे, लाठी खाली, आणि थांबणं. पुढे दादाजी स्वतः वस्ताद झाले आणि मंडईत फेर दाखवू लागले, तेव्हा त्यांनी या नावाचा आपल्या परीनं अर्थ लावला. पाहुणा म्हणजे मुख्य पाहुणा, आणि हात म्हणजे त्याला सलामी. पण तीन श्वास नुसतं उभं राहिलं की लोक कंटाळत, पोरं शिट्ट्या मारत. म्हणून त्या रिकाम्या जागेत त्यांनी उडी घातली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या वर्षी गिरकी घातली. आणखी टाळ्या पडल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी ते बल्लारशाला लाकूडडेपोत कामाला लागले होते. दोन वर्षांनी गावाकडून वस्तादांचं पोस्टकार्ड आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'थोडं शिकवायचं राहिलं आहे. सुट्टी काढून ये.' दादाजींनी कार्ड खिशात ठेवलं. अकराही हात आपल्याला येतात, राहिलं काय असणार, असं वाटलं. गेले नाहीत. त्या पावसाळ्यात तापानं वस्ताद गेले.

आता तेच आठवत दादाजी अंगणात उभे होते. त्यांनी आशाबाईला विचारलं, "बायनाबाई कुठी असते आता?"

"राजुऱ्याले. पोरगा खदानीत आहे म्हंते. काऊन?"

"जाऊन येतो."

"गुडघ्यानं?"

"गाडीनं," दादाजी म्हणाले.

नागभीडला सकाळची बल्लारशाची गाडी धरली, पुढे राजुऱ्याची बस. वर्धा नदीचा पूल ओलांडताना पलीकडे कोळशाच्या ट्रकांची रांग दिसली. खाणीच्या वसाहतीत पत्ता विचारत विचारत ते एका क्वार्टरपुढे पोचले. दारात वाळवणावर एक बाई बसली होती. केस पांढरेशुभ्र, पाठ मात्र ताठ. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"मोहटोल्याचा हाये का रे तू?"

"दादाजी, बाई. दडमलचा."

"अगा मायबाई! तू तं आंबील सांडवनारा पोट्टा!" बायनाबाई उठली. "लंगडतं काऊन?"

तिची सून पुनम चहा घेऊन आली. सुखदुःखाच्या गोष्टी झाल्या. बायनाबाईचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. माहेरचं घर विकून भाऊ नागपूरला गेले, तेव्हापासून तिचं मोहटोल्याला जाणंच तुटलं होतं. दादाजींनी चहाचा कप खाली ठेवला. सत्तरीच्या बाईला हे कसं विचारावं ते समजेना.

"बाई, वस्ताद कधी घरी कोनाले सांगत होते का... रोवन्याच्या हातात खाली काऊन वाकाचं ते?"

बायनाबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी विचारलं, भातात मीठ का घालतात.

"मी मारत होती म्हनून."

"म्हंजे?"

"मी डोक्यावर मुसळ फिरवो, बाबा खाली वाके. नाई वाकला तं लागन नं!" ती उठली. "पुनम, पोछा आन वो."

पुनमनं फरशी पुसायचा पोछा आणला. बायनाबाईनं त्याचं फडकं काढून टाकलं आणि नुसता दांडा हातात घेतला. मुठीत दोनदा फिरवून वजन पाहिलं. "धर तुही काठी. चवथा घे."

दादाजींच्या हातात टेकायची काठी होती. त्यांनी चौथा हात घेतला, हळू. आणि ज्या क्षणी ते कमरेत वाकले, त्याच क्षणी डोक्यावरून दांडा सपकन गेला. वारा केसांना लागला. त्यांची काठी जमिनीलगत फिरली तशी बायनाबाईनं लुगड्याचा काठ सावरत पाऊल उचललं. उचललं नसतं तर घोट्यावरच बसली असती.

"पाचवा," ती म्हणाली.

पाचवा 'पाखडण्याचा हात'. सूप पाखडल्यासारखा दोन्ही मनगटांनी वर झटका. बायनाबाईनं पुढे होऊन त्यांची काठीच पकडली. दादाजींनी झटका दिला आणि तिची पकड सुटली. सहावा, सातवा, आठवा. प्रत्येक ठिकाणी जिथं जिथं त्यांच्या फेरात अधांतरी जागा होती, तिथं तिथं तो दांडा येत होता, नेमका, वेळेवर. पन्नास वर्षं ते अर्धीच गोष्ट सांगत आले होते. उरलेली अर्धी या बाईकडे होती, राजुऱ्याच्या क्वार्टरात, आणि तिच्या सुनेलाही त्याचा पत्ता नव्हता. पुनम दाराला टेकून तोंडावर हात ठेवून पाहत होती.

"मी नऊ वर्साची होती तवापासून," बायनाबाई दमून खाली बसत म्हणाली. "बाबाले घरी मारनारं कोनीतरी पायजे होतं. भाऊ लहान. मंग मले घेतलं. दार लावून घेये, पोरीनं लाठी धरली म्हनून गाव हासन म्हनून. लगन होईपर्यंत रोज. मी आंबील घेऊन ये तवा तुमचे पाय पाहो. तुहा सातव्याले डावा पाय उघडा राहे. आतापन राहते."

"मंग वस्तादानं आमाले काऊन नाई सांगतलं?"

"बारा वर्सं पाय, मंग जवाब, म्हंजे समोरच्याचा हात, असं होतं त्याचं. बारा वर्सं कोन थांबलं? कोनी लगन करून गेला, कोनी कामाले गेला."

दादाजींना खिशातलं ते पोस्टकार्ड आठवलं. कार्ड केव्हाच हरवलं होतं, तरी हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. त्यांनी बायनाबाईला ते सगळं सांगून टाकलं. आशाबाईलाही कधी सांगितलं नव्हतं ते. बायनाबाईनं ऐकून घेतलं.

"तू आला असता तरी मीच पायजे होती," ती म्हणाली. "त्यानं मले बी बलावलं होतं. मी बाळंतीन होती. मी बी नाई गेली."

मग दादाजींनी नवव्याचं विचारलं.

बायनाबाई आतल्या दाराकडे वळली. पुनमला म्हणाली, "जेवाचं पाहाय वो," आणि सून आत गेल्यावर बोलू लागली.

"मंगरूकाका आठवते?"

"आठवते नं."

"त्याचा हात बाबानं मोडला होता."

तलावाच्या मासोळीच्या वाट्यावरून भावकीत भांडण झालं होतं. बायनाबाई तेव्हा सात वर्षांची, पाळीवर उभी राहून पाहत होती. दोघांच्या हातात लाठ्या. बापूजींच्या पुढे मंगरूचं काय चालणार? आठ-दहा वारांत तो हरला. त्यानं लाठी टाकली आणि पाठ फिरवून घराकडे निघाला. भांडण तिथंच संपलं होतं. पण बापूजींचे हात थांबले नाहीत. एक वार आणखी बसला, जाणाऱ्या माणसाच्या कोपरावर.

"त्यावक्ती फेरात दहाच हात होते," बायनाबाई म्हणाली. "मंगरूकाकाले घरी आनला, जलमभर पोसला. आनि हा एक हात बाबानं आपल्या मनानं मंधात टाकला. याचा जवाब काईच नाई. मी दांडा खाली टाको, पाठ फिरवो, आनि चालाले लागो. बाबा वाट देऊन उभा राहे, मी दारापर्यंत जाईपर्यंत. तीन सास. पाहुना जाऊ लागला का दार अडवून उभं राहत नसते, म्हने."

क्वार्टरच्या मागच्या बाजूनं कोळशाची मालगाडी चालली होती, संपता संपत नव्हती. ती गेल्यावर दादाजी बोलले.

"बाई, एका साली मोहा वेचता वेचता अस्वल आडवं आलं मले. आशाबाई मांगं होती. माह्या हातात लाठी. काय केलं ते मले समजलंच नाई, हात आपसूक चालले. त्याले लागलं का नाई काय मालूम. पन नववा आला आनि उडी सुचलीच नाई, लहानपनच्या सवयीनं मी बाजूले होऊन थांबलो. अस्वल माह्या बाजूनंच निघून गेलं, एवढ्या जवळून का अंगाचा वास आला. तीस वर्सं झाले, गावात सांगतो, म्या अस्वलाले थांबवलं." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "म्या त्याले जाऊ देल्लं होतं."

"तं मंग," बायनाबाई म्हणाली. "सांगतलं नसंल, पन शिकवलं होतं नं त्यानं."

त्या रात्री दादाजी तिथंच राहिले. बायनाबाईच्या मुलानं दुसऱ्या दिवशी खाणीतून येऊन आईला दांडा फिरवताना पाहिलं आणि म्हणाला, "हे आमाले कधीच काऊन नाई सांगतलं, माय?"

"कोनी इचारलंच नाई," ती म्हणाली. रागानं नाही, साधंच.

चैतात बायनाबाई मोहटोल्याला आली, दादाजींच्या घरी, दीड महिना. आखाडा आता ग्रामपंचायतीच्या पटांगणात भरतो. तलावाच्या पाळीवर सिमेंटचा रस्ता झाला आहे, मोहाचं झाड वादळात गेलं. पहिल्या संध्याकाळी ती खुर्चीवर बसली आणि तिनं जाहीर केलं, जवाब शिकायला पोरी हव्यात, कारण पोट्ट्यांना मारायची घाई असते. लोक हसले. चौथ्या दिवशी तीन पोरी आल्या. त्यांतली स्वाती वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती. तिचा हात बायनाबाईला पसंत पडला. दादाजींच्या अठरा चेल्यांपैकी निम्मे मात्र गळाले. हळू करायचं, समोरच्याकडे पाहायचं, उडी नाही, गिरकी नाही. त्यांना त्यात मजा वाटेना. दादाजींनी कोणाला अडवलं नाही.

निघायच्या दिवशी ते बायनाबाईला नागभीडला सोडायला गेले. गाडीला उशीर होता. बाकावर बसल्या बसल्या ती एकाएकी म्हणाली, "दादाजी, एक गोठ राह्यली. अकराव्याचा जवाब."

"तो तं तुमी शिकवलाच नाई. मी इचारनार होतो."

"मले आठवत नाई, बापा." तिनं आपल्या तळहातांकडे पाहिलं. "रोज रातच्याले पडल्या पडल्या करून पाहो. दहाव्यापर्यंत येते, मंग हात खालीच राहते. बाबानं देल्ला होता का नाई, तेबी समजत नाई."

दोघांनी प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन तिच्या छत्रीवर करून पाहिलं. दादाजी अकरावा घेत, ती कधी डावीकडून छत्री आणे, कधी वरून. एकदाही मेळ बसला नाही. चणे विकणारा माणूस टोपली ठेवून पाहत उभा राहिला. गाडी आली तशी बायनाबाई चढली आणि खिडकीतून म्हणाली, "आठवलं तं सांगन."

"नाई आठवलं तरी या," दादाजी म्हणाले.

यंदाच्या मंडईत मोहटोल्याच्या आखाड्यानं फेर केला तो जोडीनं. दादाजी आणि स्वाती. नववा हात आला, दादाजींनी डावीकडे एक पाऊल टाकलं, लाठी झुकवली आणि थांबले. मांडवातून कोणीतरी ओरडलं, "बाबा इसरला!" हशा झाला. दादाजी उभेच राहिले. स्वाती लाठी टाकून, पाठ फिरवून, शांतपणे मैदानाच्या कडेपर्यंत चालत गेली. मग वळून परत आली आणि तिनं लाठी उचलली. टाळ्या पडल्या त्या इकडेतिकडे, तुरळक. दहावा झाला. मग स्वाती बाजूला होऊन बसली आणि अकरावा हात दादाजींनी एकट्यानं केला, पट्ट्याचा गुडघा सांभाळत, समोर कोणी असल्यासारखं नीट पाहत. तोवर दंडारीवाल्यांनी ढोलकी आवळायला घेतली होती.